शाळेचा गणवेश आणि आपली जबाबदारी

(शिवरे, ता. भोर येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जून महिना तोंडावर आला की आपल्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पुस्तके शाळेत मिळतील, दुपारची खिचडी शाळेत मिळेल, पण गणवेशाचे काय? गेल्या वर्षीचा सदरा दंडाला घट्ट होतो, चड्डी गुडघ्याच्या वर गेलेली असते, धाकट्याला थोरल्याचा चालेल की नाही हे उन्हात धरून पाहिले जाते. आजच्या भाषणासाठी मंडळाने हा विषय दिला तेव्हा काहींनी विचारले, की एवढ्या लहान विषयावर अर्धा तास काय बोलणार? आमचे म्हणणे असे, की ज्या समाजाला कपडा कोणता घालावा, किती घालावा आणि कसा नेसावा हेसुद्धा शेकडो वर्षे दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्या समाजाला हा विषय लहान वाटण्याचे कारण नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना लुगडे घोट्यापर्यंत नेसायची मुभा नव्हती. दागिना घालायचा तर तो ठरावीक धातूचा, ठरावीक घडणीचा. लांबून पाहूनच ओळखू यावे, हा त्यामागील हेतू. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर आणि गळ्याहातातील जुन्या खुणांवर ते मुद्दाम बोलले. वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असावे, आणि कोणते वस्त्र ल्यावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही, असा त्या बोलण्याचा आशय होता. स्त्रियांनी ते लगोलग अमलात आणले. चवदार तळ्याचे पाणी आणि मनुस्मृतीचे दहन सर्वांच्या लक्षात आहे. लुगड्याची गोष्ट मात्र आपण मुलांना फारशी सांगत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वयाचे बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हाची हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना इतरांपासून दूर कोपऱ्यात, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा गडीही त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. त्यांच्या अंगावरचे कपडे मात्र वाईट नव्हते. वडील लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, घरात स्वच्छतेची शिस्त. १९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुटीत ही भावंडे वडिलांना भेटायला निघाली. वडील तेव्हा सातारा जिल्ह्यातच खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. प्रवासासाठी नवे विलायती कापडाचे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी तयारी झाली. मसूर स्टेशनवर मुले उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशन मास्तर चौकशीला आला. एवढी नीटनेटकी मुले पाहून त्याला वाटले, ही ब्राह्मणांची असावीत. त्याने आपुलकीने विचारपूस केली. आणि लहान भीमरावांनी सरळ सांगून टाकले, की आम्ही महार आहोत. त्याबरोबर मास्तरचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीकडे चालता झाला. गाडीवाले दुप्पट भाडे दिले तरी बसवून घ्यायला तयार होईनात. शेवटी एकजण तयार झाला तो या अटीवर, की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार.

ही गोष्ट आम्ही येथे सांगतो ती गणवेशाचे बळ किती आणि कमजोरी किती, हे दोन्ही त्यात दिसते म्हणून. चांगला कपडा असेपर्यंत त्या मुलांना माणसासारखी वागणूक मिळाली. जातीचे नाव कानावर पडताच तो कपडा निरुपयोगी झाला. गणवेश घातल्याने वर्गातली सगळी मुले सारखी होतात असे जे भाषणांतून सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर आज बोलायचे आहे.

गणवेशाचा इतिहासही थोडा उलटा आहे. इंग्लंडात १५५२ साली लंडनमधील गरीब मुलांसाठी ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली. तेथील मुलांना लांब निळा डगला आणि पिवळे पायमोजे देत. ही धर्मादायावर वाढणारी मुले आहेत हे रस्त्यावरच्या माणसाला कळावे, अशी ती खूण होती. श्रीमंतांच्या शाळांनी गणवेश उचलला तो फार पुढे, आणि मग तोच प्रतिष्ठेचा झाला. आज टाय, पट्टा, बिल्ला, शनिवारचे पांढरे बूट यांच्यावर जीव टाकणाऱ्या पालकांना हे सांगितले तर खरे वाटणार नाही.

आपल्याकडे आणखी जुना दाखला भिक्खूसंघाचा आहे. टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, रंगवून चीवर शिवले जाई. नवे कापड मिळाले तरी ते कापून तुकडे जोडायचे, म्हणजे त्याला बाजारात किंमत राहत नाही. मगधातील भातखाचरांसारखी त्याची आखणी आनंदाने केली, असे विनयपिटकात आहे. शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकदमच प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा उपालीला आधी दीक्षा मिळाली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. तेथे वस्त्र सारखे होते आणि वंदनाचा क्रमही त्याच्या जोडीने बदलला होता. नुसते वस्त्र सारखे करून काम भागले असते असे बुद्धांना वाटले नसावे.

आता आपल्या शाळांकडे येऊ. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पांढरा सदरा, खाकी चड्डी, डोक्यावर गांधी टोपी; मुलींना पांढरे पोलके आणि निळा परकर, पुढे स्कर्ट. तो पालकांनीच शिवायचा. ज्याला जमले नाही तो तसाच येई, नाहीतर येतच नसे. १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा लागू झाला. त्याचे तिसरे कलम असे सांगते, की ज्या खर्चामुळे मुलाचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्यात अडथळा येईल असा कोणताही खर्च त्याच्याकडून घेता येणार नाही. गणवेशाचा खर्च हा असाच खर्च आहे. म्हणून पहिली ते आठवीच्या मुलांना सर्व शिक्षा अभियानातून आणि २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेतून दोन जोड मोफत मिळू लागले. आधी दोन जोडांना ४०० रुपये होते, नंतर ६०० झाले. म्हणजे एका जोडाला ३०० रुपये, आणि त्यातच कापड, अस्तर, बटणे, शिलाई. आठवीतल्या उंच मुलाची पँट आणि शर्ट एवढ्यात कसा बसवायचा, हे नसरापूरच्या किंवा भोरच्या कोणत्याही शिंप्याला विचारून पाहावे.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. हा मोफत गणवेश कोणाला? सर्व मुलींना, आणि मुलांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांना. बाकीच्या मुलांना नाही. हेतू चांगला होता. वर्गात काय होई ते पाहा. गुरुजी यादी घेऊन उभे राहत. नावे पुकारली जात. एकाच बाकावरचे दोन मित्र, त्यातील एक उठून पुढे जाई, दुसरा बसून राही. पहिलीतल्या पोराला घरी जाऊन आईला विचारावे लागे, मला का नाही? किंवा, मलाच का? आणि उत्तर देताना त्या आईला जात सांगावी लागे. जो कपडा भेद झाकण्यासाठी आणला, त्याच्याच वाटपातून सहा वर्षांच्या मुलाला भेदाचा पहिला पाठ मिळत होता. गोणपाट गेले आणि यादी आली, असे म्हणण्याइतके आम्ही कडू नाही; गुरुजनांपैकी पुष्कळांनी स्वतःच्या खिशातून वा गावातून वर्गणी काढून उरलेल्या मुलांनाही गणवेश दिले, हे आम्ही पाहिले आहे. पण नियमातली चूक गुरुजींच्या खिशातून दुरुस्त व्हावी ही अपेक्षा बरोबर नव्हे. राज्य शासनाने २०२३-२४ पासून उरलेल्या मुलांनाही गणवेश देण्याचा आणि सर्वांना बूट-पायमोजे देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ही यादी पुकारणे थांबले. आपल्यातील काही मंडळी तेव्हा म्हणाली, की आमची सवलत इतरांना वाटून टाकली. आम्हांला ते पटत नाही. आपल्या मुलाचा जोड कमी झाला नाही, त्याच्या कपाळावरची चिठ्ठी तेवढी निघाली.

वाटप कोणी करायचे, यावर मात्र शासनाने गेल्या काही वर्षांत इतके प्रयोग केले, की पालक चक्रावून गेले. २०१७-१८ मध्ये पैसे विद्यार्थी आणि आई यांच्या संयुक्त बँक खात्यात जमा करायचे ठरले. चारशे रुपयांसाठी खाते उघडायचे, त्यात आधी किमान शिल्लक भरायची, त्यासाठी मजुरी बुडवून दोन-तीन हेलपाटे घालायचे! वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगड म्हणतात, दुर्गम वाडीवरच्या बाईला बँकेपर्यंत जायला दिवस लागतो. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले. मग २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आले. कापड सगळ्या राज्यासाठी एकदम घ्यायचे, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट असा एक जोड, स्काऊट-गाईडचा दुसरा, आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून. बचत गटांच्या बायकांना काम मिळावे ही कल्पना आम्हांला आवडली होती. पण एका जोडाच्या शिलाईला शंभर-एकशेदहा रुपये, तेही उशिरा, कापड पोचायला विलंब, मापे साच्यातली. पंधरा ऑगस्ट आला, झेंडावंदन झाले, तरी अनेक शाळांत नवा गणवेश पोचला नव्हता. पोचला तो कोणाला खांद्यावरून घसरत होता, कोणाला पोटावर बसत नव्हता. मूल हे काही पोते नाही, की इयत्ता पाहून माप ठरवावे.

अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. बंधूभगिनींनो, येथे नीट लक्ष द्यावे. ही समिती म्हणजे मुख्याध्यापक आणि गावातील दोन-चार पुढारी नव्हेत. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असल्या पाहिजेत. कापड कोणते, शिलाई कोणाकडे, माप कधी, पैसे कसे, हे तेथे ठरते. आपल्या वस्तीतील किती पालक त्या समितीत आहेत? आणि जे आहेत, ते सभेला जातात की घरी आलेल्या वहीवर सही करतात? आम्ही हा प्रश्न ज्या ज्या ठिकाणी विचारला, तेथे आयाबहिणींचे उत्तर बहुतेक सारखेच आले: सभा दिवसा असते, आणि दिवसा आम्ही कामावर असतो. महामार्गालगतच्या हॉटेलांत, कारखान्यांत, दुसऱ्याच्या शेतात. हे खरे आहे. मग सभा संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्या, अशी लेखी मागणी करावी. ती करण्यात अपमान नाही.

समितीत बसल्यावर काय सांगायचे, तेही थोडे बोलू. कापड टेरिकॉटच असावे, कारण आपल्याकडे पावसाळ्यात सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मूल तिसऱ्या दिवशी ओल्या कपड्यात शाळेत जाते. शिवताना बाहीला, कमरेला आणि खालच्या दुमडीत दोन-दोन बोटे माया ठेवायला शिंप्याला बजावावे, म्हणजे दिवाळीनंतर उसवून सैल करता येते. काजे घट्ट हवीत. मुलींच्या स्कर्टला खिसा हवा. मुलांच्या चड्डीला दोन खिसे आणि मुलीच्या कपड्याला एकही नाही, हा कोठला न्याय? तिनेही पेन्सिल आणि रुमाल कोठेतरी ठेवायचा असतो. गावातील बचत गटाला वा गावच्या शिंप्याला काम द्यावे, पण रास्त शिलाई देऊन. आणि माप प्रत्येक मुलाचे, शाळेत बोलावून.

एक मोठी अडचण राहते ती मध्येच येणाऱ्या मुलांची. निधीचा हिशेब आधीच्या पटावरून होतो. पहिलीत नव्याने दाखल झालेले मूल, वीटभट्टीवर आईबापांबरोबर आलेले, कातकरी वाडीवरून आणून बसवलेले, त्याचे नाव त्या पटावर कोठून असणार? सगळा वर्ग आकाशी आणि हे एकटे रंगीत फाटक्या सदऱ्यात. असे मूल आठ दिवसांत शाळेत यायचे बंद होते. कोणी त्याला हाकलत नाही. ते स्वतःच जाते.

येथेच ‘गणवेश सक्ती’चा प्रश्न येतो. गणवेश नाही म्हणून वर्गाबाहेर उभे करणे, प्रार्थनेच्या वेळी ओळीतून बाजूला काढणे, सर्वांसमोर बोलणे, हे काही शाळांत अजून होते. कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. असे घडले तर पालकांनी भांडायला जाऊ नये. शांतपणे मुख्याध्यापकांना भेटावे, समितीत विषय मांडावा, न ऐकल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच घेण्याची सवय आपल्यात अजून नाही, ती लावून घ्यावी.

खाजगी इंग्रजी शाळांचे दुखणे निराळे. रोजचा गणवेश, खेळाचा गणवेश, टाय, बिल्ला, आणि हे सगळे ठरावीक दुकानातूनच. शाळेतून किंवा विशिष्ट दुकानातून खरेदीची सक्ती करता येणार नाही असा शासन निर्णय २००४ सालचा आहे. त्याची आठवण शाळांना दर जूनमध्ये करून द्यावी लागते. पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत गणवेशाचा खर्च कोणी करायचा यावर पालक आणि संस्था यांच्यात वाद होतात, आणि वाद चालू असताना मूल मात्र जुन्या कपड्यांत वर्गात बसलेले असते. अशा पालकाने एकट्याने भांडू नये. मंडळाकडे यावे.

जाता जाता शिक्षकांविषयी. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांनाही पेहरावाच्या सूचना दिल्या, जीन्स-टीशर्ट नको वगैरे. पुष्कळांनी टीका केली. आम्हांला एवढेच वाटते, की गुरुजींनी काय घातले आहे यापेक्षा ते घड्याळात किती वाजता येतात हे मुलांना अधिक कळते.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपण पांढऱ्या वस्त्रांचा आग्रह धरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक पांढरी वस्त्रे लेवून जमले, त्या आठवणीने तो आग्रह योग्यच आहे. पण काही विहारांत रविवारच्या बालसंस्कार वर्गालाही पांढरा कपडा सक्तीचा करतात आणि रंगीत कपड्यातल्या मुलाला मागे बसवतात. पांढरा जोड वेगळा शिवायला घरी पैसे नसतात, आणि जो असतो तो मातीत लोळणाऱ्या पोराच्या अंगावर दुपारपर्यंत पांढरा राहत नाही. शाळेत आपण ज्या गोष्टीविरुद्ध अर्ज देणार, ती विहारात आपणच करत असू तर त्या अर्जाला वजन कोठून येणार? बालवर्गाला मूल जे घालून येईल ते चालेल, असे मंडळाने ठरवावे, ही आमची विनंती आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वाट्याचेही काम आहे. गणवेश फुकट मिळाला म्हणून तो पुसणे नव्हे. शाळेतून आल्यावर आधी तो उतरवून खुंटीला अडकवावा. बटण तुटले तर स्वतः लावायला शिका. मुलांनीही, फक्त बहिणीने नव्हे. सुई-दोरा ओवता न येणारा सातवीतला मुलगा ही काही कौतुकाची गोष्ट नाही. वर्गात कोणाचा गणवेश आला नसेल तर त्याला चिडवू नका, आणि कोणी चिडवत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. लहान झालेला पण धड असलेला जोड धुऊन, इस्त्री करून मंडळाच्या कपाटात आणून द्या. तो कोणाला दिला हे आम्ही सांगणार नाही आणि तुम्ही विचारू नये.

पालकांना शेवटची विनंती. यंदा पहिलीत जाणाऱ्या आणि बाहेरगावाहून आलेल्या मुलांची नावे, वय आणि छाती-कंबर-उंचीची मापे लिहून मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे शाळा उघडण्यापूर्वी द्यावीत. ज्यांच्याकडे मोजपट्टी नाही त्यांनी मुलालाच विहारात आणावे, दोन भगिनी तेथे संध्याकाळी बसणार आहेत. ती यादी आम्ही मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापन समितीला लेखी देऊ. यादीत जातीचा रकाना असणार नाही.

जयभीम.